मुंजीचा मुहूर्त आणि उन्हातला बर्फ

"साहेब, आता एक पाऊलही पुढे नाही," मी म्हणालो आणि गोरेसाहेबांसमोर काठी आडवी धरली.

बर्फाच्या उतारापलीकडे त्यांची गाडी उभी होती. परवा सकाळी झाशीत, प्रेम नगरच्या घरी, त्यांच्या मुलाची मुंज. आज, फार तर उद्या पहाटे निघाले तरच पोचणार होते.

"अरे भैया, इतकं छान ऊन पडलंय! आता नाही जायचं तर कधी?"

आम्हा झाशीकरांची गफलत होते ती इथेच. गारठलेला मैदानी माणूस उन्हाची वाट बघत बसतो. साहेबांनीही पूजा, चहा, निरोप यात पहाट घालवली होती. वसंतात डोंगराचं गणित उलटं असतं. रात्री आभाळ मोकळं असेल तर बर्फ गोठून टणक होतो. पहाटे त्यावरून जावं. ऊन चढलं की पाणी आत झिरपतं, थर खालून सुटतो आणि अख्खा उतार घसरतो. हाच ॲव्हलांच, म्हणजे हिमस्खलन. आम्ही दोघं बर्फाळ डोंगरातल्या एका प्रोजेक्टवर होतो; तिथे माणसं कधी, कुठून न्यायची हे ठरवणं माझी नोकरी. साहेब हुद्द्याने वर, पण उतारावर शब्द माझा.

मी बर्फात टाच रोवली. पाय गुडघ्यापर्यंत गेला. "उद्या पहाटे जाऊ," मी म्हणालो.

रात्री मेले ढग आले आणि बर्फ गोठलाच नाही. पहाटे मी पुन्हा नाही म्हटलं, तेव्हा साहेब भडकले.

"हद हो गई! तुझ्या वहिनीला तूच सांग. बटूच्या कानात मंत्र कोण सांगणार, तू?"

मला फार वाईट वाटलं. वहिनींच्या हातचं मी कितीदा जेवलो होतो. पण काठी काही बाजूला केली नाही.

ढग दुसऱ्या रात्रीही हटले नाहीत. मुंजीच्या सकाळी साहेब पाण्याच्या टाकीजवळ खोक्यावर बसले; रेंज काय ती तिथेच. तिकडे वहिनींनी मोबाइल मुलाच्या कानाला लावला. मंत्र देताना बाप-लेकावर शेला धरतात. आम्ही साहेबांच्या डोक्यावर कांबळं धरलं. आतून हळू, सुटे सुटे शब्द येत होते. मग फोनमधून पोराचा आवाज, "बाबा, फिर से बोलिए ना, ऐकू नाही आलं."

साहेब बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. उताराकडे बघून म्हणाले, "काही आलं का तुझं खाली?"

"नाही आलं."

दुसऱ्या पहाटे बर्फ टणक होता. गाडलं गेल्यास ठावठिकाणा कळवणारा बीकन प्रत्येकाच्या छातीवर बांधला आणि अंतर ठेवून एकेक जण पलीकडे गेलो. साहेबांनी बीकन सोडून माझ्या हातात ठेवला आणि गाडीत बसले.

आता आम्ही दोघंही रिटायर्ड. ते दिवस, ती थंडी, ते कांबळं फार आठवतं. संध्याकाळी प्रेम नगरात फिरताना साहेब अजून चारचौघांत सांगतात, "याने मला पोराच्या मुंजीला जाऊ दिलं नाही."

त्या दिवशी उतार घसरला असता का, मला आजही ठाऊक नाही. आमच्या कामात निर्णय बरोबर ठरला तर पुरावा काही मिळत नाही. तक्रार करायला माणूस तेवढा शिल्लक राहतो.