शांतीशेठच्या अंगणातला शिक्रा

"गुरुजी, दादा गेले..." शांतीशेठची सूनबाई फोनवर एवढंच म्हणाली. घोडेगावच्या पेठेत किराण्याचं दुकान चालवणारे शांतीशेठ वयाच्या मानाने ठणठणीत होते, त्यामुळे शिनोलीहून निघताना माझं मन ते मानायलाच तयार नव्हतं. मी शेतकरी घरातला मास्तर, ते राजस्थानातून आलेल्या जैन घराण्यातले. पण तिसरी पिढी इथलीच, बोलणंही आमच्यासारखंच. आमचं जमलं ते त्यांच्या घरामागच्या बागेमुळे. सकाळी पाखरांना मूठभर बाजरी टाकायची आणि ती त्यांनी टिपल्याशिवाय स्वतः पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, हा शेठचा नियम. सुट्टीच्या दिवशी मीही पायरीवर जाऊन बसायचो. चिमण्या, होले, सातभाई यायचे. सातभाईंचं भांडण जुंपलं की खार मधल्या मधे दाणे उचलून पसार व्हायची, आणि शेठ मनापासून हसायचे.

नव्वद सालानंतरच्या एका उन्हाळ्यात तिथं शिक्रा येऊ लागला. कबुतराएवढा शिकारी पक्षी. आंब्यावर दबा धरून बसायचा आणि दाणे टिपणारी चिमणी उचलून न्यायचा. दोन दिवस शेठनी त्याला हाकलून पाहिलं, तिसऱ्या दिवशी दाणे टाकणंच बंद केलं. दाणे नाहीत म्हणजे अन्नपाणीही नाही. चौथ्या दिवशीही तेच, तेव्हा घाबरून वहिनींनी मला बोलावून घेतलं. शेठ पायरीवरच बसले होते.

"पाखरं माझ्या भरवशावर येत्यात, गुरुजी. मंग मीच त्यांना मरायला बोलावतो ना?"

बागेत फिरलो तेव्हा चूक ध्यानात आली. पायाखाली मुंगी, किडा येऊ नये म्हणून शेठनी सगळी झुडपं काढून टाकली होती, अंगण रोज मऊ झाडूने झाडून लख्ख ठेवलं होतं. जीव वाचवायला केलेल्या त्या साफसफाईने चिमण्यांना लपायला जागाच उरली नव्हती. मी बोरीच्या काटेरी फांद्या आणून कुंपणाशी ढीग रचला आणि दाणे त्याच्या कडेला टाकायला लावले. शिक्रा आला, चिमण्या काट्यांत शिरल्या, तो रिकाम्या पायांनी परतला. मग शेठनी पाणी घेतलं.

तरी अधूनमधून एखादी चिमणी जायचीच. त्या संध्याकाळी शेठ जेवत नसत. मी वर्गात शिकवावं तसं सांगायचो, की त्यालाही पिल्लं आहेत, निसर्गाचा क्रमच आहे हा. वर चेष्टाही करायचो, की शिक्र्याचं पोट भरलं तर तुम्ही का उपाशी? वर्षानुवर्षं त्यांनी ऐकून घेतलं. एकदाच म्हणाले, "त्याला दोष न्हाई देत मी. पण आपल्या दारात आलेलं पाखरू व्हतं... कुणीतरी एक येळ त्याच्यासाठी थांबावं." तरी पुढंही मी चेष्टा सोडली नाही, याचं आता फार वाईट वाटतं.

ते जाऊन महिना झाल्यावर परवा पुन्हा गेलो. सूनबाईने बाजरी टाकली, आम्ही पायरीवर बसलो. डोळ्यांदेखत शिक्र्याने चिमणी उचलली. फरशीवर दोन पिसं राहिली.

संध्याकाळी घरी बायकोने पिठलं-भाकरी वाढली. आज नको, म्हटलं. बरं वाटत नाही का, तिने विचारलं. बरं वाटत होतं. भूकही चांगलीच लागली होती.