मांजराचे कान

अख्ख्या कतारमध्ये कोल्ह्याच्या तब्येतीबद्दल ज्याचा शब्द शेवटचा मानावा असा एकच माणूस होता, आणि तो सांगोल्याकडचा. दोह्याबाहेर वाळवंटाच्या कडेला बंगल्यांची एक वसाहत होती, तिची देखभाल आमच्या कंपनीकडे. कचऱ्याच्या वासाने तिथे कोल्हे येत. त्यांना पिंजऱ्यात धरायचं, तपासायचं, धडधाकट असेल तर लांब वाळवंटात सोडायचं आणि आजारी वाटला तर जनावरांच्या डॉक्टरला बोलवायचं, हे या सांगोलेकरांचं काम. कागदावर ते हेल्पर होते, मी त्यांचा साहेब. पण कामगारांचा सगळा कॅम्प त्यांना मामा म्हणायचा, म्हणून मीही म्हणायचो.

मामांचं सगळं तरुणपण मेंढरांमागे गेलेलं. त्यामुळे केसाळ प्राणी दिसला की त्यांचे हात शिवशिवत. कोल्हा सापडला की ते पिंजऱ्याखाली पांढरं फडकं अंथरायचे आणि शेजारी बसून निवांत चहा प्यायचे. चहा संपला की फडक्यावर पडलेल्या काळ्या कणांवर पाणी शिंपडायचं. कणाभोवती तांबूस डाग उमटला की निकाल: "पिसवा हायत. रगात पिऊन हगल्यात." ते फडकं म्हणजे आमच्या मीटिंग रूमचा टेबलक्लॉथ होता, हे मला फार उशिरा कळलं. मग लांब काठीने कोल्ह्याच्या कानाची कड हलकेच चोळायची. त्याचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलू लागला, की अंगात खरूज. आणि दिवसाढवळ्या माणसाजवळ येणाऱ्या कोल्ह्याचं कौतुक करणाऱ्यांना ते झापायचे, "त्यो माणसाळला न्हाई, पिसाळला आसंल. सरा मागं!" तपासणी झाली की कोपरापर्यंत तीनदा हात धुऊन म्हणायचे, "खलास!" कतारमध्ये इतकी वर्षं काढून त्यांनी अरबीतले दोनच शब्द उचलले होते, हा आणि पिंजऱ्याचं दार उघडताना कोल्ह्याला म्हणायचा "यल्ला", म्हणजे चल, नीघ.

माणसंही त्यांच्या तपासणीतून सुटायची नाहीत. नवा मॅनेजर रुजू झाला त्या दिवशी सगळ्यांदेखत मामा मला म्हणाले, "सायेब, ह्येंच्या केसाला तकाकी न्हाई. पोटात जंत आसत्याल." मी त्याचं हिंदी करून सांगितलं, "मामा आपका स्वागत करते हैं." एकदा मी त्यांना द पर्ल, म्हणजे समुद्रात भर घालून केलेलं दोह्याचं श्रीमंती बेट, दाखवायला नेलं. समुद्रातल्या बोटींकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. एका दुकानाच्या काचेत बाईच्या कोटाला कोल्ह्याच्या कातड्याची कॉलर होती, तिच्यासमोर मात्र नाक काचेला लावून पाच मिनिटं उभे. कातडं कुठे विरळ आहे का, खपली आहे का, सगळं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "निरोगी हुता वो. उगंच गेला."

रजिस्टर इंग्रजीत असायचं आणि मामांना इंग्रजी येत नव्हतं. म्हणून निकालाच्या रकान्यात ते चित्र काढायचे. ताठ उभे दोन कान म्हणजे निरोगी, पडलेले दोन कान म्हणजे आजारी. त्यांचे कान बाभळीच्या काट्यासारखे टोकदार असत. बाकीचे रकाने मी भरायचो.

आता जे सांगायचं ते सांगतो. एका सकाळी वसाहतीच्या मालकांकडचे लोक पाहणीला येणार होते आणि नेमका पिंजऱ्यात कोल्हा. केस दाट, डोळे चमकदार. मामांनी कानाची कड चोळली, मागचा पाय हलला.

"सायेब, खरूज हाय. सोडू नगा. डाक्टर बोलवा."

"अहो मामा, एवढा देखणा कोल्हा! पाहुणे तासाभरात येतायत, त्यांच्यापुढे पिंजरा आणि डॉक्टर नको."

"वरनं देखना हाय. महिन्याभरात उघडा पडंल, आन् बाकीच्यांस्नी घिऊन मरंल."

त्यांनी दार उघडायला साफ नकार दिला. मग मीच पिंजरा पिकअपमध्ये टाकला, लांब नेला आणि दार उघडलं. परत येऊन मामांच्या रकान्यात मीच दोन ताठ, जरा बुटके कान काढले.

महिन्याभराने कुंपणापाशी उघड्या अंगाचे, खपल्यांनी डोळे मिटलेले कोल्हे दिसू लागले. एका बंगल्यातल्या कुत्र्यालाही खरूज झाली. चौकशीत रजिस्टर उघडलं गेलं. मामांनी बोटाने त्या कानांवरून दोनदा रेघ ओढली आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "सायेब, ह्ये मांजराचं कान झालं." बस्स. चौकशी करणाऱ्यांपुढे ते बोलले नाहीत, मीही बोललो नाही. ज्याला जनावर कळत नाही असा माणूस, असा शिक्का घेऊन, नोकरी गमावून मामा गावी गेले. मेंढरांच्या गावात याहून मोठी नामुष्की नाही.

मी आता निवृत्त आहे, दोह्याजवळ लुसैलला मुलाकडे राहतो. मागच्या महिन्यात कुणाकडून तरी नंबर मिळवून त्यांना फोन केला. म्हटलं, "मामा, ते कान..." त्यांनी पुढे बोलूच दिलं नाही. "ऱ्हाऊ द्या सायेब. कोल्ह्यांचं सांगा. बरं झालं का त्ये?" मी ते कधी पाहायलाच गेलो नव्हतो.

म्हणून ती नोंद आज इथे दुरुस्त करतो. तपासणारे: मामा. निकाल: खरूज. सोडणारा: मी. हा कागद कंपनीला पाठवणार आहे, आणि सांगोल्यालाही, तिथे कुणीतरी तो चावडीवर मोठ्याने वाचावा म्हणून. हल्ली सकाळी फिरायला निघालो की ट्रामच्या रुळांपलीकडच्या मोकळ्या वाळूत उगाच नजर लावून थांबतो. अजून एकही कोल्हा दिसलेला नाही. दिसला, तर त्याचे केस कसे आहेत ते फोन करून सांगायचं आहे.

नोंदीच्या शेवटी मामांसारखे दोन पडलेले कान काढायचा प्रयत्न केला. चार वेळा खोडले. मांजराचेच होतात.