हलकी सायकल आणि जड जावई

जावयाने सासरी सायकलवर जाऊ नये, असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. मी शोधून पाहिलं. (अर्थात, सगळं आटोपल्यावर.)

मी मूळचा धुळ्याचा. साक्रीकडच्या माळावर पवनचक्क्या उभारायच्या कामावर होतो, त्याच कामासाठी पुढे डेन्मार्कला गेलो. वारा बदलला, काम तेच राहिलं. तिथे नवीन शिकलो ती फक्त सायकल. तिकडे माझा साहेब सायकलवर, त्याचा साहेब सायकलवर, आणि त्या दोघांच्या मागे धापा टाकत मी. पावसात ऑफिसला सायकल, बर्फात भाजीला सायकल, आणि सुट्टी आली की मागे तंबू बांधून जंगलात सायकल. पहिलं वर्ष रडत काढलं. मग सवय झाली आणि सवयीचं व्यसन झालं. व्यसनी माणसाचा पुढचा टप्पा म्हणजे सायकलचं वजन कमी करण्याचं वेड. मी स्टँड काढला, कॅरेज काढलं, मडगार्ड काढलं, घंटी काढली. जंगलात न्यायच्या टूथब्रशचा अर्धा दांडासुद्धा कापून टाकला. "त्यापेक्षा स्वतःचं पोट कमी करा," असं वैशाली, म्हणजे माझी बायको, म्हणाली होती. पण पोट काही सुट्टं करता येत नाही.

मे महिन्यात रजेवर आलो, तेव्हा ती हलकी सायकल खोक्यात घालून विमानातून धुळ्याला आणली. माझे वडील, नाना, ओसरीवर बसून खोकं उघडताना बघत होते. 

"ही सायकल सुटाले पाहिजे म्हनीसन मी जिंदगीभर नोकरी कई," ते म्हणाले. "आनि तू ती विमानमा टाकीसन परत लयना?"

नेमका अधिक महिना चालू होता, आमच्याकडचा धोंड्याचा महिना. तीनेक वर्षांनी तो येतो आणि तेव्हा जावयाला देव समजून जेवू घालतात. (एरवी काय समजतात, ते विचारायचं नसतं.) माझी सासुरवाडी पारोळ्याच्या अलीकडे, रस्ता सोडून जरा आत. सासूबाईंना सगळा गाव अक्का म्हणतो. अक्कांचा नेम असा की, धोंड्याच्या दिवशी जावयाच्या पोटात घास गेल्याशिवाय त्या पाण्याचा थेंबही घेत नाहीत. आणि अक्कांना साखरेचा आजार आहे.

वैशाली आदल्या दिवशीच मोटारीने माहेरी निघाली. मी म्हटलं, "मी सकाळी सायकलने येतो. दोन तासांचा रस्ता. तिकडे एवढं तर मी भाजीला जातो."

"अक्का गोळी कोरडीच गिळून उपाशी बसेल," ती म्हणाली. "उशीर झाला की तिचे हातपाय थरथरतात. बारा म्हणजे बारा. आणि फोनवरून लोकेशन पाठवत राहा."

मी दोन्ही गोष्टी कबूल केल्या. सकाळी निघताना लोकेशन पाठवलं, ते वैशालीने तिच्या भावाला, पंकजला दाखवलं, आणि पंकजने कौतुकाने ते सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. 'दाजी सायकलवर निघाले आहेत!' धुळे ते पारोळा या रस्त्यावर वैशालीचे किती नातेवाईक राहतात, याचा मी लग्नाच्या इतक्या वर्षांत कधी विचार केला नव्हता. मोटारीतून गावं दिसतात, त्यातली माणसं दिसत नाहीत. आणि मुख्य म्हणजे त्यांना आपण दिसत नाही.

शहर सुटेपर्यंतच तीन अनोळखी गाड्या थांबल्या. पहिल्या पिकअपवाल्याने काच खाली करून विचारलं, "दादा, गाडी बिघडी गई का?" मी म्हटलं, हौसेने चालवतोय. त्याने माझ्याकडे दयेने बघितलं आणि निघून गेला. ऊन चढत होतं, पण पाय चांगले चालले होते. या वेगाने अकरालाच पोचू, असा हिशेब मी मनात मांडला.

मुकटीच्या अलीकडे रस्त्याच्या मधोमध एक माणूस हात आडवा करून उभा दिसला. मला वाटलं पोलीस. ते वैशालीचे थोरले काका होते.

"या, जवाईबापू! फोनवर दखी राहिनूत आम्ही तुम्हले." मग त्यांची नजर खाली गेली आणि आवाजही खाली गेला. "पँट कथी राहिनी?"

मी सायकलची ती घट्ट, अर्धी चड्डी घातली होती. म्हटलं, "काका, हीच पँट आहे."

दारात काकू ओवाळायचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी चड्डी पाहिली, पदर पुढे ओढला आणि ओवाळण्याआधीच आहेराचा टॉवेल काढून दिला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला टॉवेल-टोपी देतात. पण तो टॉवेल तिथल्या तिथे गुंडाळायची वेळ आलेला जावई बहुधा मी पहिलाच असेन.

"काकू, फक्त चहा," मी म्हटलं. "तिकडे अक्का माझ्यासाठी उपाशी बसल्यात."

"तिले मी वळखस," काकू शांतपणे म्हणाल्या. काकू म्हणजे अक्कांची सख्खी थोरली जाऊ. "ती बशी राही. दारवरतीन जवाई उपाशी गया तं गाव काय म्हनी?"

ताटात मांडे आले. मांडा ही तशी पुरणपोळीच, पण काकू ती हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवतात आणि मग उलट्या खापरावर टाकतात. घडी घातली तरी ताटात मावत नाही. सोबत आमरस, वर तुपाची धार. मी एक खाल्ला. दुसरा नको म्हणायला हात आडवा धरला, तर तो हातावरच वाढला गेला. चौथ्या मांड्याला काकांनी माझा फोटो काढून ग्रुपवर टाकला, 'जवाईबापू आमच्याकडे जेवताना'. तो अक्कांना दिसणार, हे मला रस गिळताना लक्षात आलं.

तिथून निघालो तो टॉवेलसकट. टॉवेल साखळीत अडकू नये म्हणून गुडघे बाहेर काढून पेडल मारत होतो. पुढच्या गावी वैशालीच्या मावशी उभ्या होत्या. त्यांनी कपाळभर कुंकू लावलं, टोपी घातली आणि तिच्यावर माझं हेल्मेट स्वतःच्या हाताने बसवलं. "एकच वाटी" म्हणून दिलेला रस ताकाच्या तांब्यात होता. निघताना एक नारळ आणि अनारशांचा डबा. सायकलला कॅरेज नाही म्हटल्यावर त्यांनी दोन्ही वस्तू पिशव्यांत घालून हँडलला टांगल्या. घंटी काढून जेवढं वजन वाचवलं होतं, ते त्या एका नारळाने मिटवलं.

आता साडेअकरा होऊन गेले होते. पुढे अजून एक आत्या आणि दोन चुलतभाऊ आहेत, असं मावशींनीच आनंदाने सांगितलं. मग मी शहाणपणा केला. रस्ता सोडला आणि शेतातून जाणारी गाडीवाट धरली. डेन्मार्कमध्ये अशा आडवाटा म्हणजे माझा जीव की प्राण. झाडं, शांतता, पक्ष्यांचा आवाज. इथेही झाडं होती. बाभळीची. पाच मिनिटांत पुढचं चाक बसलं, आणि ते बघायला उतरलो तेवढ्यात मागचंही सुस्कारा टाकून बसलं.

फोन वाजला. पंकज. "दाजी, लोकेशन वावरात दाखवतंय. हरवले का?"

"नाही रे, शॉर्टकट."

"घाबरू नका. माणूस पाठवलाय."

भर उन्हात, टॉवेल नेसून, टोपीवर हेल्मेट घालून मी बांधावर बसलो. आजूबाजूला नांगरलेली जमीन, आणि माणूस म्हणून मीच. बऱ्याच वेळाने ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर आला. चालवणारे वैशालीचे चुलतमामा निघाले. सायकल एका हाताने उचलून ट्रॉलीत टाकताना ते म्हणाले, "भलती हलकी शे. भेसळ दिसस." मी ट्रॉलीत बसलो. ट्रॅक्टर वळला, पण सासुरवाडीच्या उलट दिशेला.

"मामा, गाव तिकडे आहे."

"मना घर आठेच शे. जवाई वावरमा सापडना, तो रस पेवाशिवाय जाई का?"

तेवढ्यात वैशालीचा फोन आला. एक वाजून गेला होता. आवाजात राग नव्हता, त्यानेच मी घाबरलो.

"कुठे आहात? अक्का भिंतीला टेकून बसली आहे. हात थरथरताहेत तिचे. साखरेचं पाणी घे म्हटलं, तर म्हणते, आता येतीलच."

 जिच्यासाठी बाराचा शब्द दिला, ती तिकडे पाण्यावाचून बसली होती, आणि मी सकाळपासून खात होतो. मला मनापासून लाज वाटली. मामांच्या घरापाशी ट्रॅक्टर थांबला, मामी तांब्या घेऊन बाहेर आल्या, आणि मी ट्रॉलीतून ओरडलो, "मामा, रस नको. अक्कांना चक्कर येतेय. पाणीसुद्धा घेत नाहीत त्या!"

मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, गियर टाकला आणि बायकोला हाक दिली, "रस डबामा भर!" डबा माझ्या मांडीवर आला. मग मात्र तो ट्रॅक्टर असा सुटला की दर खड्ड्याला नारळ, मी आणि सायकल आपापल्या जागा बदलत होतो.

सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, अंगणात मांडव घातला होता. जावई परदेशात मोठा इंजिनिअर आहे, हे दोन दिवस गावभर सांगून झालं होतं. इंजिनिअर बघायला गाव जमलंही होतं. कांद्याच्या टरफलांनी भरलेल्या ट्रॉलीतून मी उतरलो. कमरेला टॉवेल, डोक्यावर टोपी, टोपीवर हेल्मेट, कपाळावर ओघळलेलं कुंकू आणि छातीवर आमरस.  आबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग मान दुसरीकडे वळवून म्हणाले, "पाय धुवाले पानी आना."

अक्का दाराशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले. मला पाहून उठायला गेल्या आणि परत बसल्या.

"पाय दुखनात व्हतीन तुम्हना," त्या म्हणाल्या.

 मी त्यांच्यासमोर खाली बसलो. त्यांनी हळूच विचारलं, "थोरलीना मांडा कसा व्हतात?"

फोटो पाहिला होता तर. या प्रश्नाला उत्तर देऊन कुठलाही जावई आजवर वाचलेला नाही. मी आवाज खाली आणून म्हटलं, "कोरडे होते, अक्का."

"कोरडा व्हतात तं चार कसा खादात?" पाठीमागून आवाज आला.

थोरल्या काकू ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनाही जेवणाचं आमंत्रण होतंच. त्या जीपने निघाल्या आणि मी शेतात बसलो असताना पोचूनही गेल्या होत्या.

अक्का हसल्या. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून. उपाशी माणसाला हसणंही झेपत नाही, तरी हसत राहिल्या. वैशाली पाण्याचा ग्लास घेऊन शेजारी उभी होती आणि डोळ्यांनी मला सांगत होती, खा.

मी पाटावर बसलो. आबांनी माझे पाय धुतले. ताटात मांडा पडला. गळ्यापर्यंत भरलेल्या माणसाने पहिला घास कसा गिळावा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पण समोर अक्का थरथरत्या हाताने ग्लास नुसता धरून बसल्या होत्या, माझ्या तोंडाकडे बघत. मी घास गिळला. अक्का घोटभर पाणी प्यायल्या, मग भाकरीचा तुकडा वरणात बुडवून खाल्ला. दहा-पंधरा मिनिटांनी त्यांचा हात थांबला आणि चेहऱ्यावर रंग आला. मला रडू आलं. ते थोडं अक्कांमुळे होतं आणि थोडं पाचव्या मांड्यामुळे.

त्यानंतर मी मांडवातच आडवा झालो. उठलो तेव्हा उन्हं उतरली होती आणि आबा एका मिस्तरीबरोबर माझ्या सायकलपाशी बसले होते. दोन्ही पंक्चर काढून झाली होती. आणि सायकलला लोखंडी कॅरेज, लोखंडी स्टँड आणि दुधवाल्याच्या सायकलला असते तेवढी मोठी घंटी बसली होती.

"यान्हामा काहीच नव्हतं," आबा प्रेमाने म्हणाले. "इकनारानी फसाडं तुम्हले."

मग त्यांनी अधिक महिन्याचं तेहतीस अनारशांचं वाण कॅरेजवर ठेवलं, दोरीने घट्ट बांधलं आणि घंटी वाजवून पाहिली. आम्ही मोटारीनेच परतलो, पण कॅरेज उतरवायची माझी छाती झाली नाही. डेन्मार्कला मी आजही ते घेऊन फिरतो. साहेब चढावर मला मागे टाकतो आणि वर पोचून विचारतो, एवढं लोखंड कशाला? मी म्हणतो, मान आहे तो. त्याला कळत नाही.

परवा व्हिडिओ कॉलवर अक्का दिसल्या. तब्येत चांगली वाटली. पुढच्या धोंड्याला येणार का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, येणार. सायकलवर का? मी फुशारकीने म्हटलं, हो. या वेळी बाराच्या आत नक्की.

 अक्का म्हणाल्या, "मंग मी सकायलेच भाकर खाई लिसू. देवले सांगी ठेवेल शे."

सासूबाईंनी जन्मभर पाळलेला नेम माझ्यासाठी मोडीत काढला. वैशाली म्हणते, हे प्रेम आहे. असेलही. पण याला माझ्या बारा वाजता पोचण्याबद्दलचा अविश्वास म्हणतात, हे मला कळतं, कारण मी जावई आहे.