चामडीवाल्या मॅडम

खाजवणाऱ्या पेशंटच्या हातावर मॅडम फटका मारायच्या. हलका नव्हे, सणसणीत. अंबरनाथ पूर्वेला त्यांचा दवाखाना होता. लोक त्यांना 'चामडीवाल्या मॅडम' म्हणायचे. मी त्यांची मदतनीस. फटका खाल्लेला माणूसही परत यायचा, कारण नुसतं मलम देऊन त्या कोणाला वाटेला लावत नसत. खाज कशाने येते ते शोधल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही.

त्यासाठी त्या पॅच टेस्ट करायच्या. निकेल, रबर, अत्तर, केसांचा रंग असं थोडं थोडं लावलेल्या पट्ट्या पाठीवर चिकटवायच्या, दोन दिवस पाठ भिजू द्यायची नाही, मग पट्ट्या काढून कुठे लाल झालंय ते बघायचं. "तोंड खोटं बोलतं," मॅडम म्हणायच्या, "पाठ बोलत नाही."

मोरिवलीची सुनंदा आली तेव्हा तिच्या हातांच्या भेगांतून रक्त येत होतं. कारखान्यात ती दिवसभर रबरी हातमोजे घालून काम करायची. तिने ब्लाउज काढला आणि पट्टी लावायला जागाच सापडेना. पाठभर माराचे वळ होते, जुने काळे आणि नवे जांभळे.

"नवरा?" मॅडमनी विचारलं.

"घाणेरडा रोग झालाय म्हणतो. कोणाकडून आणलास ते सांग म्हणतो."

मॅडमनी पट्ट्या तिच्या दंडांवर लावल्या.

पट्ट्या काढायच्या दिवशी नवराही सोबत आला. रबराच्या जागी दंड लाल होऊन फुगला होता. मॅडमनी त्याला जवळ बोलावून ते दाखवलं. "हा रोग नाही आणि लागणही नाही. हातमोज्यातलं रबर हिला सोसत नाही. मोजे बदलले की हात बरे होतील."

"तुम्ही बायका मिळून मला येडा बनवता काय?" असं म्हणत त्याने सुनंदाचे केस धरले आणि तिचं डोकं बेसिनवर आपटलं. तो पुन्हा आपटणार तेवढ्यात मॅडम मध्ये शिरल्या. त्याने लोखंडी स्टूल उचलून घातलं. मॅडमनी उजवा हात आडवा धरला. मनगट मोडल्याचा आवाज मला दारापाशी ऐकू आला. मग त्यांनी डाव्या हाताने स्टीलचा ट्रे उचलून त्याच्या तोंडावर हाणला. तो खाली कोसळला तरी त्या हाणतच राहिल्या. फरशीवर त्याचे दात पडले होते. शेवटी मीच त्यांना मागे ओढलं.

पोलीस ठाण्यात त्या म्हणाल्या, "आधी हिची पाठ बघा. माझा हात नंतर."

"आणि त्याचे दात?" हवालदाराने विचारलं.

"मी पाडले. तसंच लिहा."

सुनंदा बदलापूरला आईकडे गेली ती परत नांदायला आली नाही. मोजे बदलल्यावर तिचे हातही सुधारले. मॅडमचं मनगट मात्र वाकडंच जुळलं. हातात बारीक चिमटा धरता येईना, तेव्हा त्यांनी दवाखाना बंद केला आणि त्या भावाकडे साताऱ्याला निघाल्या. निरोप घेताना मला म्हणाल्या, "हात गेला त्याचं काही नाही गं. त्याला मारताना मला बरं वाटत होतं, ते डोक्यातून जात नाही." मी त्यांची बॅग रिक्षात ठेवली.

आता मी दुसऱ्या डॉक्टरांकडे असते. टेस्टसाठी बाई आली की सोबतच्या माणसाला मी बाहेर बसवते आणि आतून कडी लावते. कोणी कुरकुर केलीच तर नियम आहे म्हणून सांगते. तसा नियम कुठेच नाही.