पालथं पडून ऐकलेली कादंबरी

दिवाळी संपून चारच दिवस झाले होते. नोएडातल्या आमच्या ऑफिसात मी एक लांबलचक मॅन्युअल तपासत बसले होते. अचानक उजव्या डोळ्यासमोर खालून एक काळी सावली वर चढायला लागली. आधीचे दोन दिवस डोळ्यात बारीक चमकारे येत होते, पण मी ते फटाक्यांच्या धुरावर ढकलून मोकळी झाले होते. शेजारच्या टेबलावरच्या मुलीकडे बघून मी म्हटलं, "तुझं डोकं दिसतंय, पण हनुवटी दिसत नाहीये." ती हसली नाही. तिने मला उठवलं, कॅब बोलावली आणि तशीच डोळ्यांच्या हॉस्पिटलात घेऊन गेली.

डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. डॉक्टर तरुण होते आणि घाईत होते. म्हणाले, "मॅडम, आँख के अंदर गैस का बुलबुला डाला है. वो परदे को दबाके रखेगा. लेकिन तभी, जब आपका मुँह नीचे रहेगा. दस दिन."

"दस दिन मतलब?"

"मतलब उल्टा लेटना है. खाना-बाथरूम छोड़के पूरा टाइम. और आँख में पानी बिल्कुल नहीं जाना चाहिए."

आमचं दोघांचंच घर. नवऱ्याची नोकरी फरीदाबादच्या कारखान्यात, तो सकाळी साडेसातला बाहेर पडतो. पहिले तीन दिवस त्याने सुट्टी घेतली. उशा रचून, मध्ये तोंडापुरती जागा ठेवून त्याने माझ्यासाठी एक खड्डा तयार केला. पाण्याच्या बाटलीत स्ट्रॉ, हाताशी मोबाइल, पायाशी शाल. चौथ्या दिवशी त्याच्याकडे ऑडिट होतं.

"मी राहतो घरी," तो दारातून म्हणाला.

"राहून काय करशील? माझ्या पाठीकडे बघत बसशील?"

तो गेला. दार बंद झाल्याचा आवाज आला आणि मग दहा-अकरा तास मी, फरशी आणि फरशीवरचा चॉकलेटी डाग. प्रदूषणामुळे खिडक्या बंद, त्यामुळे रस्त्याचा आवाजही धड येत नव्हता.

मी वाचणारी बाई आहे. म्हणजे, तसा मला अभिमान होता. पुस्तकं ऐकणाऱ्यांना मी कायम जरा खालच्या पायरीवर ठेवलं होतं. ऑफिसातली मुलं मेट्रोत कानात बोंडं घालून कादंबऱ्या ऐकतात, तेव्हा मी म्हणायची, "ते वाचणं नाही, ते पुस्तक गिळणं आहे." आता तर मोबाइलचा पडदाही बघायची बंदी होती. नवऱ्याने जायच्या आधी एक अ‍ॅप चालू करून दिलं होतं, त्यात मराठी कथा होत्या. वाचणारा गृहस्थ प्रत्येक वाक्यावर रडकुंडीला यायचा. गोष्टीत 'त्याने दार उघडलं' असं आलं की मागे दार करकरायचं. पाऊस आला की पाऊस वाजायचा. कोणी खिचडी खाल्ली तर आता काय ऐकावं लागेल या धास्तीने मी ते बंद केलं. दुसरी कथा, तिसरी कथा. दुपारपर्यंत माझी मान आखडली आणि मला स्वतःची मनापासून कीव आली.

त्या संध्याकाळी साताऱ्याहून ताईचा फोन आला. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, हायस्कूलमध्ये मराठी शिकवून निवृत्त झालेली. मी तिच्यापाशी पोटभर कुरकुर केली.

"मग मी वाचून दाखवते की," ती म्हणाली.

"फोनवर? तासन्‌तास?"

"फोनवर कशाला? रेकॉर्ड करून पाठवते. मला तरी इथे दुपारी काय काम असतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला पहिला निरोप आला. अकरा मिनिटांचा. एका छोट्या गावातल्या छापखान्याची कादंबरी होती. वडील वारलेले, मुलीच्या गळ्यात छापखाना पडलेला, आणि शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा एक म्हातारा, जो तिला धंदा शिकवतो. ताईचा आवाज वर्गात असायचा तसाच होता, सरळ, कोरडा, कुठेही न गहिवरणारा. मध्येच कुकरची शिट्टी व्हायची. "थांब गं, दूध बघते," म्हणून ती जायची आणि रेकॉर्डिंग तसंच चालू असायचं. मी साताऱ्याच्या स्वयंपाकघरातली भांडी ऐकत पडून राहायची. परत आल्यावर ती पुढे वाचायला लागायची, एखाद्या ठिकाणी थांबून म्हणायची, "हे वर्णन लेखकाने उगाच लांबवलंय, मी गाळते."

दिवसाला सहा-सात निरोप यायचे. ती पुढचा पाठवेपर्यंत मी आधीचा पुन्हा ऐकायची. डोळ्यांनी वाचताना मी किती पानं पळवत आले होते, ते मला तेव्हा कळलं. इथे पळवायची सोयच नव्हती. म्हातारा मुलीला खिळे ओळखायला शिकवतो तो भाग मी चार वेळा ऐकला. छापखान्यात अक्षरं उलटी असतात. मुलगी वैतागते, तेव्हा तो म्हणतो, "घाई कशाला? मी चाळीस वर्षं जग उलटंच वाचतोय. माझं काही अडलं नाही." पालथी पडलेली मी ते ऐकून इतकी हसले की उशीचा खड्डा मोडला.

दुपारी बारा वाजता डोळ्यात औषध घालायला वरच्या मजल्यावरच्या बंगाली बाई यायच्या. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. एवढ्या वर्षांत आमचं बोलणं लिफ्टमधल्या नमस्कारापलीकडे गेलं नव्हतं. नवऱ्याने त्यांना आमच्या घराची चावी दिली होती. त्या येऊ लागल्याच्या दुसऱ्या दिवशी औषध घालून झाल्यावर त्या तिथेच थांबल्या. मला त्यांची फक्त पावलं दिसत होती, लाल काठाच्या मोज्यांमधली.

"गाना सुनती हैं आप?"

"सुनती तो हूँ दीदी, पर शास्त्रीय मेरी समझ में नहीं आता."

"समझना किसको है? लेटे-लेटे सुनिए."

त्यांच्या यजमानांनी आयुष्यभर मैफली रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या, घरगुती, लोकांच्या दिवाणखान्यांतल्या. त्यांतल्या काही मुलाने पेन ड्राइव्हवर घालून दिल्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्या एक छोटा स्पीकर घेऊन आल्या, माझ्या डोक्याशी ठेवला आणि म्हणाल्या, "दोपहर है, तो सारंग. एक ही लगाऊँगी. दूसरा माँगना मत."

पहिली दहा मिनिटं मला काहीच होईना. गाणारी बाई एकाच जागी घोटाळत होती. एरवी मी तेवढ्यात उठून भाजी चिरायला घेतली असती, मेल बघितली असती. उठता येत नव्हतं, म्हणून ऐकत राहिले. मग कधीतरी लक्षात आलं की ती घोटाळत नाहीये, एकेक सूर नीट ठेवून बघतेय. एक सूर ती सारखा टाळत होती आणि मी त्याची वाट बघायला लागले होते. शेवटी तो आला तेव्हा रेकॉर्डिंगमधल्या कुणीतरी "आहा" म्हटलं आणि माझ्याही तोंडून तेच निघालं. पलंगाशेजारच्या खुर्चीतून दीदी म्हणाल्या, "वो 'आहा' हमारे उनका है." त्या रोज तो ऐकायला येत असाव्यात, असं मला वाटलं.

अशी माझी दिनचर्या बसली. सकाळी छापखाना, दुपारी सारंग, मग झोप, मग पुन्हा छापखाना. नवरा संध्याकाळी घरी यायचा तो अपराधी चेहऱ्याने, निदान आवाजावरून तरी तसं वाटायचं. "कंटाळलीस ना?" तो विचारायचा. मी खरं ते सांगितलं, "नाही रे. दिवस पुरत नाहीये." त्याला ते मी धीर देण्यासाठी म्हणतेय असं वाटलं असणार.

दहा दिवसांनी उठून बसायची परवानगी मिळाली. बुडबुडा अजून होता. चालले की डोळ्यात पाण्याची पातळी हलायची. तो रोज लहान होत गेला आणि एका सकाळी चहा पिताना दिसेनासा झाला. नजर जवळजवळ पूर्ण परत आली. सरळ रेषा किंचित वाकडी दिसते, तेवढंच.

ती कादंबरी मला डोळ्यांनी वाचायची होती. ताईला म्हटलं, पाठव. ती टाळायला लागली. पुस्तक फार जुनं आहे, पानं सुटलीत, कुरियरमध्ये खराब होईल. जानेवारीत नवरा एका लग्नासाठी पुण्याला गेला, तेव्हा मी ताईला न सांगताच त्याला साताऱ्याला जायला लावलं. तो पुस्तक घेऊन आला. पानं अगदी घट्ट होती.

मी शनिवारी सकाळी गॅलरीत उन्हात वाचायला बसले. अर्ध्यावर आले आणि खिळे जुळवणारा म्हातारा मेला. मला काही कळेना. मी दोन पानं मागे गेले, पुन्हा वाचलं. मेलाच होता, साध्या तापाने, एका परिच्छेदात. मी तर त्याला शेवटच्या प्रकरणापर्यंत ऐकलं होतं! नवीन मशीन येतं तेव्हा तो त्याला नावं ठेवतो, मुलीच्या लग्नाला यायचं नाकारतो आणि मग मागच्या दाराने येऊन जेवून जातो. पुढची पानं चाळली. यातलं काहीही नव्हतं. मग मी सुरुवातीला गेले. 'चाळीस वर्षं जग उलटंच वाचतोय' हे वाक्यसुद्धा पुस्तकात कुठे नव्हतं.

मी फोन लावला.

"ताई, म्हातारा मेला."

पलीकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तूच म्हणाली होतीस ना, डॉक्टरांनी सांगितलंय, डोळ्यात पाणी नको."

"अगं, ते बाहेरचं पाणी! आंघोळीचं!"

"मला काय माहीत? तो मेला असता तर तू रडली असतीस. लहानपणी गोष्टीतला बैल मेला तर दोन दिवस जेवायची नाहीस. म्हटलं, राहू दे जिवंत, कोणाचं काय बिघडतंय?"

"आणि ते लग्नातलं जेवण?"

"ते जरा जास्तच झालं का?" तिने विचारलं. तिच्या आवाजात मी पहिल्यांदाच संकोच ऐकला. अडतीस वर्षं दुसऱ्यांचे धडे शिकवलेल्या बाईचा संकोच.

"नाही," मी म्हटलं. "पुस्तकात त्याच्यानंतर सगळं भरकटलंय. तुझंच चांगलं आहे."

आठवड्याभराने तिने विचारलं, ते निरोप अजून माझ्याकडे आहेत का. तिला ते वहीत उतरवून घ्यायचे होते. मी सगळे परत पाठवले. ती आता रोज दुपारी लिहिते, म्हाताऱ्याचंच. काय लिहिते ते मला वाचून दाखवत नाही, पूर्ण झाल्यावर बघू म्हणते.

फेब्रुवारीत दीदी मला एका बागेतल्या सकाळच्या मैफलीला घेऊन गेल्या. मेट्रोने गेलो, दोन स्टेशनं चुकून पुढे उतरलो, पुन्हा मागे आलो. हिरवळीवर सतरंज्या टाकल्या होत्या, कोवळं ऊन होतं, लोक मुलं आणि संत्री घेऊन आले होते. गायक तरुण होता आणि थोडा घाबरलेला. दीदींना पाच मिनिटांत झोप लागली, डोकं माझ्या खांद्यावर. मी हलले नाही. दीड तास ऐकलं. मग मी त्यांना उठवलं आणि आम्ही घरून नेलेली संत्री सोलून खाल्ली.