ओकच्या टेबलावरची साय

काकू पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आल्या, तेव्हा बसण्याआधी त्यांनी खुर्ची उलटी केली. पर्समधून छोटा टॉर्च काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि खुर्चीचा तळ बारकाईने पाहिला. मग ती सरळ केली, तिच्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "वरून ओकचं लाकूड, खालून सगळा भुसा. पण बसायला चांगली आहे हो." ती खुर्ची मी आदल्याच आठवड्यात चार दुकानं पालथी घालून आणली होती. मला जो राग आला, तो वरणभात वाढून होईपर्यंत टिकला.

शॉमबर्ग या आमच्या अमेरिकन उपनगरातल्या मराठी मंडळींत त्यांचं नाव टॉर्चकाकू. तोंडावर अर्थात नुसतंच काकू. पॅथॉलॉजिस्ट म्हणून निवृत्त झालेल्या, ऐंशीला टेकलेल्या, काका गेल्यापासून एकट्या. आमच्या गल्लीत चार घरं सोडून राहायच्या. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचाच पगार घेते. त्यांनी उभा जन्म काचेच्या पट्टीवर आजार शोधण्यात घालवलेला. आमचं जमायला वेळ लागला नाही.

त्यांना नाद होता जुन्या इंग्लिश फर्निचरचा, तेही खेड्यातल्या. शेतकऱ्यांच्या घरातली बाकं, गोठ्यातली तिपाई, गावच्या सुताराने हातानं केलेल्या काठ्याकाठ्यांच्या पाठीच्या खुर्च्या. गणपतीच्या जेवणात कुणीतरी दरवर्षी त्यांना छेडायचंच, की इंग्रजांनी आपलं एवढं नेलं आणि तुम्ही त्यांच्या खुर्च्या कसल्या जमवताय. काकू शांतपणे पुरी तोडत म्हणायच्या, "साहेबाच्या खुर्च्या महोगनीच्या. त्या मी घरात घेत नाही. माझ्या खुर्च्यांवर बसणारे साहेबासमोर उभेच राहायचे."

शनिवारी मी त्यांना गाडीतून विस्कॉन्सिनकडच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत न्यायचे. तिथे त्या सरळ जमिनीवर आडव्या व्हायच्या आणि टेबलाखाली शिरायच्या. एकदा दुकानदाराला वाटलं म्हातारीला चक्कर आली, तो पाणी घेऊन धावला. "काकू, लोक बघतायत," मी म्हटलं. खालून आवाज आला, "बघू देत. तू इकडे ये आणि करवतीच्या खुणा बघ. सरळ पण कमीजास्त असल्या तर हाताच्या, गोल असल्या तर मशीनच्या. वरची बाजू सगळेच सजवतात गं, खाली कुणी खोटं बोलायच्या भानगडीत पडत नाही." मीही आडवी झाले. तेव्हा माझं वय चाळीस होतं आणि अंगावर नवा कोट होता.

घरी आणलेली वस्तू त्या दोन-दोन महिने नुसती इकडून तिकडे हलवून बघायच्या. कुठल्या खिडकीतला उजेड तिच्यावर नीट पडतो ते कळलं, की मग तिची जागा ठरायची. भिंतीजवळ एकच खुर्ची, आजूबाजूला काही नाही. स्वयंपाकघरात ओकची मोठी मांडणी, वर फळ्या, खाली कपाट, आणि फळ्यांवर त्यांच्या आईची पितळी ताटं. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने बांधलेली एक चिठ्ठी असायची, स्वच्छ मराठीत लिहिलेली: "एल्म लाकडाची बैठक. मागचा डावा पाय नंतरचा. पॉलिश अलीकडचं, वाईट." स्वतःच्या वस्तूंची इतकी निंदा करणारा दुसरा हौशी माणूस मी पाहिलेला नाही.

या सगळ्याच्या मध्यभागी होतं ते जेवणाचं टेबल. लांबच लांब, ओकचं, जवळजवळ काळं. दोनशे वर्षांचं तरी असावं. त्यावर किती पिढ्यांनी पीठ मळलं, कोपरं टेकली, मेण चोळलं. या सगळ्याने लाकडावर जी काळसर, मऊ चमक चढते, तिला काकू साय म्हणायच्या. "ही विकत मिळत नाही आणि करता येत नाही," असं म्हणून त्या टेबलावरून तळहात फिरवायच्या. दुधावर साय धरते तशी ती आपोआपच धरावी लागते, आणि तोवर कुणी ती खरवडायची नाही.

गुडघे पार गेले तसा त्यांच्या मुलीने दूर पश्चिम किनाऱ्यावर, रेडमंडला, येऊन राहण्याचा आग्रह धरला. घर विकायचं ठरलं. आता या वस्तूंचं काय, हा एकच घोर त्यांना लागला. "मी कुठेही राहीन. पण ही सगळी एकत्र राहायला हवीत," असं त्या पुन्हा पुन्हा म्हणायच्या. शेवटी दोन तासांवरच्या एका छोट्या गावातलं म्युझियम ती घ्यायला तयार झालं. एका खोलीत इंग्लिश शेतकऱ्याचं अख्खं स्वयंपाकघर मांडायचं, आणि मधोमध हे टेबल. म्युझियमच्या बाई एकदा येऊन सगळं पाहून मग नक्की करणार होत्या. त्या दिवसांत काकूंचं बोलणं नव्या घरात लेक पाठवणाऱ्या आईसारखं झालं होतं.

त्याच सुमारास माझी आई अकोल्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. मी दिवसभर ऑफिसात, नातवंडं इंग्रजीत उत्तरं देणारी, डिशवॉशरला हात लावायचा नाही, धुणं वाळत घालायचं नाही. आयुष्यभर संसार ओढलेली बाई सोफ्यावर पाहुण्यासारखी बसून असायची. मग ती रोज काकूंकडे जाऊ लागली. काकू तिला "सुमनताई" म्हणायच्या, ती त्यांना "डॉक्टर". दोघी मेथी निवडायच्या आणि आपापल्या गुडघ्यांबद्दल बोलायच्या.

म्युझियमच्या बाई यायच्या आदल्या दिवशी काकू डोळे तपासायला गेल्या होत्या आणि आई त्यांच्या घरी एकटी होती. उद्या पाहुणे येणार, डॉक्टरांना वाकवत नाही, आणि टेबल हे असं काळंकुट्ट. आईने गरम पाणी घेतलं, सोडा घेतला, चार लिंबं पिळली आणि हिरव्या घासणीने ते टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत घासून काढलं. पाच तास. ऑफिसमधून परस्पर तिला न्यायला गेले तर टेबल सोललेल्या बटाट्यासारखं पांढुरकं दिसत होतं. आईची बोटं सुरकुतली होती आणि चेहरा मी कित्येक आठवड्यांत पाहिला नव्हता इतका आनंदी होता. "बघ, केवढा मळ निघाला," ती म्हणाली.

मी तोंड उघडणार एवढ्यात दार उघडलं. काकू आत आल्या. टेबलापाशी थांबल्या. डोळ्यांत औषध घातलेलं होतं, त्यामुळे त्यांनी आधी हातानेच पाहिलं. तळहात लाकडावर ठेवला आणि तिथेच राहू दिला. आईने विचारलं, "जमलं का हो डॉक्टर?"

"सुमनताई," काकू म्हणाल्या, "इतकी वर्षं मला जमलं नाही ते तुम्ही एका दिवसात केलंत. बसा आता, मी चहा करते."

दुसऱ्या दिवशी म्युझियमच्या बाई आल्या. त्यांनी टेबल पाहिलं आणि वाकून खालची बाजूही पाहिली. हे टेबल ठेवता येणार नाही, आणि टेबलाशिवाय ती खोली होणार नाही, असं त्यांनी फार सौजन्याने सांगितलं. मांडणी आणि तीन खुर्च्या त्यांनी घेतल्या. टेबल सोडून बाकीचं सगळं लिलावात गेलं, कुठलं कुठे गेलं ते काकूंनाही कळलं नाही.

मी आईला सगळं सांगायचं ठरवलं होतं. काकूंनी मला गाडीत गाठलं. "सांगायचं नाही."

"काकू, पण तुम्ही स्वतः चिठ्ठीवर वाईट पॉलिशसुद्धा लिहिता. आणि तिला कळायला नको, तिने काय केलं ते?"

"लाकडाला खरं सांगितलं तर ते रडत नाही. इथे आल्यापासून त्या बाईला कुणी एकदा तरी म्हटलं का, की छान काम केलंस? तू म्हटलंस?"

मी म्हटलं नव्हतं.

"मी म्हटलं. आता ते मी परत घेणार नाही."

टेबल त्यांनी मला दिलं. साय पुन्हा कधी धरेल, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "दीडशे वर्षांत धरेल. रोज जेवा त्यावर." रेडमंडच्या पावसाळी घरात त्या दोन वर्षं राहिल्या आणि या वसंतात गेल्या. मला त्यांची फार आठवण येते, सगळ्यात जास्त शनिवारी.

डॉक्टर गेल्याचं कळल्यापासून आई टेबलाची गोष्ट भेटेल त्याला सांगते. मागच्या आठवड्यात अकोल्याला व्हिडिओ कॉल केला, तेव्हा शेजारच्या एक बाई तिच्याजवळ बसल्या होत्या. आईने मला फोन टेबलाकडे वळवायला लावला. "हेच ते. एवढ्या मोठ्या डॉक्टर, पण मला म्हणाल्या, मला इतकी वर्षं जमलं नाही ते तुम्ही केलंत. विचार हिला."

त्या बाई माझ्याकडे पाहू लागल्या. चूक दिसली की दाखवायची, ही माझी नोकरीही आणि खोडही.

"हो," मी म्हटलं. "मी तिथेच होते."