एक्केचाळिसाव्या पानावरचा ठिपका

थोर कादंबरी माणसाला मरेपर्यंत पुरते, असं माझे वडील म्हणत. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. बारसं असो की कुणाच्या बदलीचा निरोप समारंभ, हे वाक्य ते म्हणतच, आणि तेव्हा त्यांच्या मनात एकच कादंबरी असे: एका राजावरची, साडेआठशे पानांची. तिच्या लेखकाचं नाव घेताना ते चष्मा काढत.

घरी मात्र ते दोनशे पानांच्या कादंबऱ्या वाचायचे. कारकुनांच्या, विधवांच्या, दोन खोल्यांत आयुष्य काढणाऱ्या माणसांच्या. त्यांच्या लेखकांसाठी चष्मा कधी काढला नाही, कारण वाचायला तो लागायचा.

नाशिक रोडला आमच्या सरकारी प्रेसच्या क्वार्टर्समागे पिठाच्या गिरणीच्या माडीवर एक वाचनालय होतं. सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हर आणि त्यावर पिठाचा पातळ थर. आपण हे वाचलंय की नाही ते कळावं म्हणून प्रत्येक सभासदाचं एक ठरलेलं पान आणि ठरलेली खूण होती. एका मास्तरांची पंचविसाव्या पानावर फुली, एका नर्सबाईंची साठाव्यावर चंद्रकोर. नानांचा एक्केचाळिसाव्या पानाच्या आकड्याखाली पेन्सिलचा ठिपका. आमच्या क्वार्टरचा नंबर एक्केचाळीस. आवडलं तर दोन ठिपके. भिंतीवर 'पुस्तकात काहीही लिहू नये' अशी पाटी होती. ती लावणाऱ्या ग्रंथपाल बाईंची खूण अकराव्या पानावर असे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी कॉलेजात होते. कादंबरी निवडायची माझी पद्धत सोपी होती: एक्केचाळिसावं पान उघडायचं आणि ठिपके मोजायचे. माझे आवडते लेखक असे नानांनी पेन्सिलीने ठरवले. त्यातली एक लेखिका आम्हा दोघांचीही लाडकी. तिच्या एका कादंबरीत शिंपीकाम करणाऱ्या घरातली धाकटी मुलगी तापाने जाते. कुणी रडत नाही. डॉक्टर मोरीत जाऊन हात धुतो आणि आईला कळतं. ते पान वाचून मी दोन दिवस कॉलेजला गेले नव्हते.

निवृत्तीनंतर क्वार्टर सुटलं, पण जवळच घर घेतल्यामुळे वाचनालय तेच राहिलं. काही वर्षांनी नाना विसरायला लागले. आधी गॅस, मग स्टेशनवरून घरी यायचा रस्ता, मग पुस्तकं. नवं म्हणून पुस्तक आणायचे, पान उघडायचे आणि ठिपका बघून मिटून ठेवायचे. एक दिवस थेट बाईंच्या टेबलाशी गेले.

"बाई, माझी खूण दुसरंच कुणीतरी करतंय."

"नाना, ती तुमचीच हो."

"मी वाचलं असतं तर मला आठवलं नसतं?"

खाली गिरणी चालू होती.

त्यानंतर त्यांनी वाचणं सोडलं. गॅलरीत पुस्तक मांडीवर घेऊन बसायचे, पण उघडायचे नाहीत. उघडलं तर ठिपका असेल. जेवणही कमी झालं. शेवटी मी वाचनालयात बसून ठिपके खोडायला लागले. बाईंनी पाहिलं, ड्रॉवर उघडला आणि स्वतःचं खोडरबर पुढे केलं. "हे घ्या, याने डाग पडत नाही."

नाना पुन्हा वाचायला लागले. पण शेवटपर्यंत वाचून व्हायची ती फक्त शिंप्याच्या धाकटीची कादंबरी. तिसऱ्या दिवशी हाक आली, "अगं, ती पोर गेली." डोळे भरलेले. "एवढी हसती-खेळती होती. लेखिकेला काही दयामाया नाही." मग पेन्सिल मागून घेतली आणि दोन ठिपके दिले. मी ते खोडले, आणि महिन्याभराने तेच पुस्तक पुन्हा आणलं. असं चार वेळा झालं. चार वेळा ती पोर गेली.

आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "किती वेळा मारणार आहेस गं तिला?"

"त्यांना वाचायला हवं ना, आई."

"वाचू दे की. पण रडतात ते खरं असतं. मागच्या वेळी दोन दिवस पाणीसुद्धा मागितलं नाही त्यांनी."

पाचव्या वेळी नानांनी एक्केचाळिसाव्या पानावरून अंगठा फिरवला. शिसं गेलं होतं, खळगा राहिला होता.

"इथे काहीतरी होतं."

"छपाईची खोट असेल," मी म्हणाले.

नानांनी तीस वर्षं प्रेसमध्ये छापलेले कागद तपासून खोट शोधायचंच काम केलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "छपाईची खोट अशी नसते," म्हणाले, आणि पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

तेव्हा मला राजा आठवला. त्या कादंबरीत कुणी अचानक मरून धक्का बसण्याची भीती नव्हती. सगळेच कधीचे गेलेले. खोडरबर घेऊन मी वाचनालयात गेले. तिच्या एक्केचाळिसाव्या पानावर ठिपकाच नव्हता. मी अंगठा फिरवून पाहिला. खळगाही नव्हता. चाळिसावं आणि बेचाळिसावंही पाहून घेतलं.

"ही होय?" बाई म्हणाल्या. "कपाटात बरी दिसते म्हणून ठेवलीय."

घरी पुस्तक बघताच नानांनी चष्मा काढला. अंगठ्याने पान चाचपलं. "नवीन आहे," म्हणाले, आणि त्या दिवशी दोन पोळ्या खाल्ल्या. मग पुस्तक त्यांनी उशाशी ठेवलं ते कायमचं. कुठवर आलात विचारलं की म्हणायचे, "ही सावकाश वाचायची असते." बाईंनी कधी परत मागितलं नाही. मीही काही खोडलं नाही. अकरा महिने असे गेले.

शोकसभा कॉलनीच्या हॉलमध्ये झाली. कादंबरी फोटोशेजारी स्टुलावर ठेवली होती. कुणीतरी तिलाही हार घातला. त्यांचे एक निवृत्त साहेब उभे राहिले आणि म्हणाले, की नाना सांगायचे ते खरं ठरलं, थोर कादंबरी त्यांना मरेपर्यंत पुरली. बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक परत केलं. खुणेसाठी घातलेलं बसचं तिकीट बाराव्या पानात होतं.